शनिवारचा विस्तव

मित्रांनो, आधी एका पत्राबद्दल सांगतो. माझी गोष्ट त्याच्या मागोमाग येईलच.

ते पत्र कॅनडाहून आले होते. फिकट निळा, पातळ कागद, दोन्ही बाजूंनी लिहिलेला. गाश्परने त्याला उत्तर दिले नाही. बर्फ वितळल्यावर देऊ, गवत कापून झाल्यावर देऊ, असे म्हणता म्हणता एकोणतीस वर्षे गेली. तेवढी वर्षे मी त्याच्या टेबलाच्या खणात, त्या पत्रावर वजन म्हणून पडून होतो. वजन म्हणूनही मी काही कामाचा नाही. मी फार हलका आहे.

मी एक जुना, अर्धा जळालेला अळंब्याचा तुकडा आहे. तुम्ही भाजी करता ते अळंबे मऊ आणि वेगळे. मी झाडाच्या खोडावर वाढतो. घोड्याच्या खुरासारखा माझा आकार, वरून टणक, आतून तपकिरी कापसासारखा. मला नीट वाळवले की चकमकीची एक ठिणगी पुरते. मी भडकत नाही, ज्योत धरत नाही. आतल्या आत धुमसत राहतो. काडेपेटी नव्हती तेव्हा लोक मला खिशात बाळगत. ठिणगी झेलणे मला जमते. गोष्ट सांगणे जमेल की नाही, ते ठाऊक नाही. कुठे अडखळलो तर सांभाळून घ्या.

बोहिन्यच्या खोऱ्यात पोदबुक्वा नावाचे आमचे गाव आहे. गावाच्या वर बुकेवची झाडे आहेत, राखी, गुळगुळीत सालीची. त्यातल्या एका म्हाताऱ्या झाडावर मी अकरा वर्षे वाढलो. खरे सांगायचे तर मी त्या झाडाला आतून खात होतो. ते पडले तेव्हा मला वाईट वाटले, पण कुऱ्हाड माझ्यावर चालली तेव्हा झाडाला वाईट वाटले असेल असे नाही.

कुऱ्हाड उर्बनची होती. तो गाश्परचा मामा. रानातून अळंबी काढून वाळवायची, हा त्याचा धंदा. तो प्रत्येकाला बोटाने टिचकी मारून ऐकायचा. माझ्या बरोबरीच्यांची साल सोलून त्याने त्यांना राखेच्या पाण्यात भिजवले, लाकडी मोगरीने बडवले, आणि ती हरणाच्या कातड्यासारखी मऊ झाली. माझ्यावर टिचकी मारून तो म्हणाला, "याला बडवायचं नाही. हा शनिवारचा."

मग त्याने माझ्या मधून भोक पाडले, तार ओवली आणि मला माळ्यावर टांगले. तीन हिवाळे मी तिथे लटकत होतो. खालून चुलीची ऊब यायची. आपण शनिवारचे आहोत, म्हणजे काय आहोत, हे मला कोणी सांगितले नव्हते. टांगलेल्याला स्वस्थ बसता येत नाही, मित्रांनो. वारा आला की मी फिरायचो, आणि फिरलो की वाटायचे, आता काहीतरी होणार.

आमच्याकडे ईस्टरच्या आदल्या दिवसाला मोठा शनिवार म्हणतात. शुक्रवारी रात्री घरोघर चुली विझवतात. चुलीत राखसुद्धा ऊन राहता कामा नये. सकाळी चर्चच्या दारात चकमकीने नवा विस्तव पाडतात. पाद्रीबुवा त्याला आशीर्वाद देतात. मग तारेला बांधलेली अळंबी त्यात खुपसतात, ती धुमसू लागली की पोरे ती गरगर फिरवत घरोघर पळतात. प्रत्येक घरात तुकडा तोडून चुलीत टाकायचा. त्या विस्तवावर ईस्टरची, डुकराची खारवलेली मांडी शिजते. आणि त्या चुलीतला एक कोळसा डब्यात ठेवतात. वर्षभरात वादळ आले, वीज कडाडू लागली, की तो कोळसा चुलीत टाकायचा. मग वीज घरावर पडत नाही.

माझा शनिवार उजाडला त्या वर्षी गावातल्या सगळ्या पोरांना गालगुंड झाले होते. गाल सुजलेले, गळ्याला फडकी. विस्तव नेणार कोण? पाद्रीबुवांची नजर पहिल्या बाकावर बसलेल्या गाश्परवर पडली. तो तेव्हा एकतीस वर्षांचा होता. गावच्या पोस्टात खिडकीमागे बसायचा. पुस्तके वाचायचा, हळू बोलायचा, कोणी थेट पाहिले की चष्मा पुसायचा.

"गाश्पर, तू जा," पाद्रीबुवा म्हणाले.

"मी? बुवा, मी मोठा आहे."

"म्हणूनच म्हणतोय. मोठ्या माणसाला गालगुंड सहसा होत नाही."

उर्बनमामाने मला माळ्यावरून काढून आणले होते. तार गाश्परच्या हातात देताना तो म्हणाला, "हे बघ. फिरवत राहायचं. फिरवला की जागा, थांबवला की झोपला. एवढंच लक्षात ठेव, बाकी पुस्तकातलं काही उपयोगाचं नाही."

विस्तवात माझे एक टोक गेले. मित्रांनो, त्या क्षणाबद्दल मला फार बोलता येत नाही. चौदा वर्षे मी कशाची वाट पाहत होतो ते मला तेव्हा कळले.

पहिली चार-पाच घरे छान झाली. गल्लीत कोणी नव्हते, गाश्पर मला पोरासारखा फिरवत होता, मी धूर सोडत होतो. नेझाबाईचे घर खरे तर वाटेत चौथे लागते. गाश्पर त्याच्या दारावरून पुढे गेला. त्याने ते शेवटी ठेवले, कारण शेवटच्या घरी विस्तव नेणाऱ्याला बसवून कॉफी देतात. नेझाबाईची मुलगी पोलोना सव्वीस वर्षांची होती. ती पोस्टात तिकीट घ्यायला आली की गाश्पर सुटे पैसे दोनदा मोजायचा. मला एवढेच सांगता येईल. यापेक्षा जास्त त्याने स्वतःलाही सांगितले नव्हते.

मग वाटेत पाण्याचा हौद आला. हौदावर बायका बादल्या भरत होत्या.

"अगं बाई, हा बघ! शाळेत परत नाव घातलं वाटतं!"

"गालगुंड नाही झालं, गाश्पर? म्हणजे तू अजून त्या वयाचाही झाला नाहीस?"

"फिरव की रे, फिरव! का तिकीट लावून पाठवणार आहेस विस्तव?"

त्या हसल्या. वाईट हसल्या नाहीत, सकाळी बायका हसतात तशा हसल्या. पण गाश्परचे कान लाल झाले. त्याने मला थांबवले, हात खाली घेतला आणि कोटाच्या आत धरले. हौद ओलांडल्यावरही त्याने मला बाहेर काढले नाही. पुढच्या घरांत मी कसाबसा धुगधुगत होतो. मी आतून ओरडत होतो, फिरव, अरे फिरव. माझा आवाज म्हणजे धूर, आणि तोही आता येत नव्हता.

नेझाबाईच्या घराशेजारी गवत वाळवायचा उंच लाकडी मांडव होता. त्याच्या मागे गाश्परने मला बाहेर काढले आणि तो पाहतच राहिला. मी काळा आणि गार. त्याने फुंकर घातली, खूप घातली. मी विझलो होतो, मित्रांनो. एकच काम होते, आणि मी विझलो होतो. आजही मला वाटते, मी थोडा जास्त धीर धरायला हवा होता. की त्याने मला फिरवायला हवे होते? हा प्रश्न मी चाळीस वर्षे इकडून तिकडे उलटत आलो आहे.

परत चर्चपर्यंत जायला अर्धा तास, आणि तिथला विस्तव एव्हाना पाणी टाकून विझवला असणार. गाश्पर विडी ओढत नसे, पण त्याच्या खिशात काडेपेटी होती. पोस्टात पार्सलांवर लाख लावायला लागते ती. त्याने चारही बाजूंना पाहिले आणि काडी ओढली. पहिली विझली. दुसरी विझली. तिसरीवर मी पेटलो.

हेच माझे पाप. ठिणगी कुठून आली हे मला विचारता येत नाही. मी कोणाचीही झेलतो.

स्वयंपाकघरात शिरताच पोलोना म्हणाली, "केवढा उशीर! पोस्टातली पत्रंसुद्धा याच्या आधी येतात."

नेझाबाई दाराशी बाकावर पाय पसरून बसल्या होत्या. त्यांचे पाय सुजायचे. "बोलू दे रे तिला," त्या म्हणाल्या. "आण इकडे. दे देवाचा विस्तव."

पोलोनाने सुरीने माझा तुकडा तोडला, चुलीचे दार झटकन उघडले, तुकडा आत टाकला आणि दार झटकन लावले. तेवढ्या वेळात माझ्या अंगाला ऊब लागली. विझलेल्या चुलीला ऊब कुठली? मला तेव्हा कळले नाही. खोलीत गंधकाचा वास होता. गाश्परने हात खिशात घातले.

नेझाबाईंनी छातीवर क्रूस काढला. पोलोनाने एक लाल अंडे गाश्परच्या हातात ठेवले आणि पाठ फिरवून तिखट मुळा किसायला घेतला. तिने त्याला बसायला सांगितले नाही.

"अगं, कॉफी?" नेझाबाई म्हणाल्या.

"पोस्टात काम आहे," गाश्पर म्हणाला आणि निघाला. त्या दिवशी पोस्ट बंद होते.

माझा उरलेला अर्धा भाग त्याने कोटाच्या खिशात ठेवला. टाकून देता आला असता. का ठेवला कोण जाणे.

ऑगस्टमध्ये वादळ आले. नेझाबाईंनी डब्यातला कोळसा काढला आणि चुलीत टाकला. थोड्याच वेळात वीज त्यांच्या गवताच्या मांडवावर पडली. वर्षाचे गवत आत होते. सगळे गाव बादल्या घेऊन धावले, गाश्परही धावला, आणि मी त्याच्या खिशात होतो. मी फक्त धुमसतो, पण त्या दिवशी पहिल्यांदा मी खरी आग पाहिली. घर वाचले. मांडवाचे चार काळे खांब उरले.

नेझाबाई अंगणात उभ्या राहून सगळ्यांना विचारत होत्या, "कोळसा टाकला होता गं मी! वेळेवर टाकला होता. का चालला नाही?"

गाश्परच्या एका हातात रिकामी बादली होती. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला पोलोना होती, तिच्याही हातात रिकामी बादली होती. दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि दोघांनी मान खाली घातली.

गवत नाही म्हणजे गाई नाहीत. त्याच शरदात मायलेकी नेझाबाईंच्या भावाकडे कॅनडाला गेल्या. जाताना पोलोना पोस्टात आली, नवा पत्ता देऊन गेली. गाश्परने तो सुबक अक्षरात लिहून घेतला. "आणखी काही?" त्याने खिडकीतून विचारले. ती म्हणाली, "नाही. काही नाही."

अकरा वर्षांनी ते निळे पत्र आले. गाश्पर प्रत्येक मोठ्या शनिवारी ते पुटपुटत वाचायचा, म्हणून मला ते पाठ आहे.

'गाश्पर, आई गेली. शेवटपर्यंत विचारायची, आपला कोळसा का चालला नाही. मी तिला सांगू शकले नाही, तुला सांगते. त्या शनिवारी तू उशीर केलास. मांडी शिजायला चार तास लागतात, दुपारी ती टोपलीत घालून आशीर्वादासाठी चर्चमध्ये न्यायची होती. आई कोंबड्यांना बघायला गेली तेव्हा मी काडी ओढून चूल पेटवली. तू आलास तेव्हा ती पेटलेलीच होती. तुझा विस्तव मी माझ्या आगीवर टाकला. वास तुला आला, तुझा चेहरा मी पाहिला. तू बसला नाहीस, आणि पुढेही माझ्याशी नीट बोलला नाहीस, ते त्यामुळेच ना? तू कोणाला सांगितलं नाहीस याबद्दल तुझे आभार. पण मला गावाकडे यायचं धाडस होत नाही. मांडव माझ्यामुळे जळाला असं तुलाही वाटतं का, एवढंच लिही. हो म्हणालास तरी चालेल. आणि जमलं तर वरच्या रानातल्या अळंब्याचा एक तुकडा पाठव. इथे तसं मिळत नाही. पोलोना.'

आता तुम्ही म्हणाल, मग यात अवघड ते काय? एक ओळ लिहायची. मीही हेच म्हणत होतो, खणात पडल्या पडल्या. गाश्परने पत्र आले त्याच आठवड्यात पाकीट तयार केले, पत्ता लिहिला, तिकिटेसुद्धा लावली. मग कागद घेतला. 'प्रिय पोलोना' लिहिले. 'प्रिय' जास्त होते का, म्हणून खोडले. 'पोलोनाबाई' लिहिले, ते फारच कोरडे वाटले. 'माझीही काडीच होती' एवढे लिहायला गेला आणि त्याला वाटले, म्हणजे सगळा दोष माझ्यावर येतो. तिचे घर, तिचे गाव, तिची आई, सगळे माझ्या तीन काड्यांवर. त्याने कागद घडी करून चुलीत टाकला. असे कागद मी मोजले नाहीत. गावातल्या प्रत्येकाच्या पत्रावर त्याने शिक्का मारला, आजारपणाची, लग्नाची, भांडणाची पत्रे वेळेवर पाठवली. स्वतःचे एक त्याच्या हातून सुटेना. तो निवृत्त झाला. त्याचे केस गेले. आणि तिकडे एक बाई, सातासमुद्रापलीकडे, त्याच्या गप्प राहण्याचा अर्थ 'हो' असा लावून बसली होती. मला स्वस्थ पडता येत नव्हते ते यामुळे. माझ्या अंगात अजून अर्धा विस्तव शिल्लक होता आणि माझ्याखालचा कागद थंड होता.

या वर्षी मोठ्या शनिवारी सकाळी स्कूटरचा आवाज आला. हल्ली गावात पोरे उरलेली नाहीत, म्हणून विस्तव रेज्का नेते. रेज्का आमच्या गावची टपालवाली, पन्नाशीची, आवाजाने हौदापलीकडच्या कोंबड्या उठवणारी.

"गाश्परकाका! चूल उघडा लवकर, हा माझ्या हातावर यायच्या आत!"

काकांनी चूल उघडली. तिने तुकडा टाकला आणि घाम पुसला.

"वैताग नुसता. दोनदा विझला वाटेत."

गाश्परचा हात चुलीच्या दारावर तसाच राहिला. "मग?"

"मग काय? लायटर."

"लायटर! आणि लोकांना?"

"सांगितलं की. लपवायचं काय त्यात? बुवांना फोन लावला. म्हटलं, देवाचा विस्तव गेला. तर म्हणतात, बाई, देव म्हणजे माझा चष्मा नाही, एकदा हातातून सुटला की सापडायचाच नाही असा. पेटव आणि पुढे चल."

गाश्पर लाकडांच्या पेटीवर बसला. आधी मला वाटले त्याला ठसका लागला. तो हसत होता. मग तो हसत नव्हता.

"काका? पाणी देऊ का?"

"नको. रेज्का, पोलोना... नेझाबाईची पोलोना... आहे ना अजून?"

"आहे तर. नाताळात बुवांना कार्ड येतं तिचं, मीच टाकते. पत्ता तोच. दर वर्षी लिहिते, येणार होते, जमलं नाही. काय जमत नाही देव जाणे."

"मला माहीत आहे," गाश्पर म्हणाला. "तू दहा मिनिटं थांब."

"काका, सहा घरं राहिलीत अजून!"

"मग अंगणात जाऊन तो फिरवत राहा. थांबवलास की झोपतो."

त्याने खण उघडला. मला उचलले, निळे पत्र उचलले, आणि उभ्यानेच लिहिले. या वेळी कुठे खोडले नाही. लिहिताना तो पुटपुटत होता, म्हणून तेही मला पाठ आहे.

'पोलोना, माझीही काडीच होती. लाखेची काडेपेटी, तुमच्या मांडवाच्या मागे, तीन काड्या. हौदावरच्या बायकांना लाजून मी विस्तव फिरवला नाही, म्हणून तो विझला. उशीरही मीच केला, कारण तुझं घर मला शेवटी हवं होतं. वास आला तो मला माझ्या हाताचा वाटला. वीज कुठे पडायची ते आपल्या काड्यांना विचारत नाही, हे मला आज कळलं, फार उशिरा. तुझ्यामुळे काही झालं नाही. तू ये. सोबत तुकडा आहे, तोच, त्या दिवशीचा. अर्धा शिल्लक आहे. कशानेही पेटव, पण फिरवत राहा. गाश्पर.'

मग त्याने मला आणि पत्राला त्या जुन्या पाकिटात घातले. ते बघून रेज्का ओरडली, "काका! ही तिकिटं कुठली? हा देशच राहिला नाही आता!" तिने पिशवीतून नवी तिकिटे काढून जुन्यांवर चिकटवली. "आत काय आहे? वजनच लागत नाही. आणा इकडे, मी नेते."

"नको," गाश्पर म्हणाला. "मी स्वतः टाकतो."

त्याने पाकिटाला सुतळी बांधली, गाठीवर लाख लावली. लाख वितळवायला त्याने काडी ओढली आणि या वेळी चारही बाजूंना पाहिले नाही.

मित्रांनो, मला शिकवण द्यायचा अधिकार नाही. मी विझलेला तुकडा आहे. एवढेच मागतो की तुमच्या घरात कोणाचे उत्तर द्यायचे राहिले असेल, तर ते खणात वाळत ठेवू नका. वाळवण माझ्यासारख्यांचे करतात.

पोस्टाची पिवळी पेटी हौदाजवळ आहे. हौदावर आजही बायका होत्या, त्या जुन्या बायकांच्या मुली आणि सुना. एकाहत्तर वर्षांचा गाश्पर काठी टेकत आला आणि सुतळीला धरून पाकीट फिरवू लागला. एकदा, दोनदा, मग गरगर.

"अगं, काकांना काय झालं!"

"काका, दमाल हं!"

गाश्परचे कान लाल झाले. पण हात थांबला नाही. मी फिरत होतो, चाळीस वर्षांनी, आणि पाकिटाच्या आतही माझ्या काळ्या कडेला वारा लागल्यासारखा वाटत होता. पेटीच्या फटीत मी जरा अडकलो. त्याने अंगठ्याने मला ढकलले, आणि मी आत पडलो.